संभाजीनगरला मुक्कामी येताय? खोली आणि जेवण निवडताना या चुका टाळा

शाळेच्या पुस्तकांचे नमुने घेऊन मी पंधरा वर्षं मराठवाडा फिरतो आहे. महिन्यातल्या दहा-बारा रात्री लातूर, परभणी, नांदेड, बीड अशा गावांतल्या लॉजवर जातात. घर संभाजीनगरला, त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याला निघालेला प्रत्येक नातेवाईक मला फोन करतो. पण खोली बुक करण्याआधी कुणी विचारत नाही. फसल्यावर विचारतात. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी एक शब्द नीट घ्या. आमच्याकडे रस्त्यावर कुणाला ‘हॉटेल कुठंय?’ असं विचारलंत तर तो चहा-भज्याचं दुकान दाखवेल. राहायची जागा हवी असेल तर ‘लॉज’ म्हणा, जेवण हवं असेल तर ‘खानावळ’ म्हणा.

तीनशे-चारशे रुपये वाचवायला गावाबाहेर खोली घेणं

ही चूक मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिली आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी मेहुणी, तिचे यजमान आणि दोन मुलं कल्याणहून देवगिरी एक्सप्रेसनं आली. ही गाडी आपल्या स्टेशनात पहाटे, अंधारातच लागते. साडूंनी मोबाईलवरून वाळूजच्या बाजूला खोली घेतली होती, रात्रीचे नऊशे रुपये. स्टेशनजवळ तशीच खोली तेराशेला होती. तीन रात्रींचे बाराशे वाचले, या आनंदात ते उतरले. पहाटेच्या रिक्षानं साडेचारशे घेतले. साडेपाचच्या सुमारास मेहुणीचा फोन आला, ‘दाजी, आम्ही येऊन बसलोत, पण रूम बारा वाजता मिळणार म्हणायलेत. लेकरं बाकड्यावरच झोपलीत.’

मी गाडी काढून गेलो. काउंटरवरच्या पोरानं पाचशे रुपये जादा घेऊन सहा तास आधी खोली उघडून दिली. पुढचे तीन दिवस शहरात यायला अडीचशे, परत जायला अडीचशे. हिशोब करा: बाराशे वाचवायला चोवीसशे पन्नास गेले. शिवाय रात्री नऊनंतर रिक्षा मिळेना, म्हणून गुलमंडीत, जुन्या बाजारपेठेत, जेवायचा बेत तिन्ही दिवस राहून गेला. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

वाळूज ही औद्योगिक वसाहत आहे. कंपनीच्या कामाला आलेल्या माणसासाठी ती जागा बरोबर आहे, पाहुण्यासाठी नाही. ती शहराच्या पश्चिमेला, पुण्याच्या रस्त्यावर. अजिंठा ईशान्येला, सिल्लोडवरून पुढे, शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अजिंठ्याला जायचं तर आधी अख्खं शहर ओलांडायचं.

माझी पद्धत साधी आहे. खोलीचं भाडं बघण्याआधी मी कागदावर लिहितो: सकाळी कुठून निघायचं, रात्री कुठं जेवायचं. एसटीनं फिरणार असाल तर मध्यवर्ती बसस्थानक, समर्थनगर हा भाग धरा. वेरूळची आणि अजिंठ्यासाठी जळगावकडची गाडी तिथंच मिळते. जळगावची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरवते, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस असते. रेल्वेनं अवेळी येणार असाल तर स्टेशन रोड. विमानानं आलात, किंवा जालना-बीडकडे पुढं जायचं असेल, तर सिडको. यातलं एक ठरलं की मगच भाडं बघायचं. आणि वार बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. सोमवारी पहाटे उतरून अजिंठ्याला निघालेली तीन कुटुंबं मी स्वतः अडवली आहेत.

बारा वाजता की चोवीस तास, हे न विचारणं

मेहुणीच्या फजितीचं दुसरं कारण हे. मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी बाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी सोडावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी साध्या लॉजवर अजून चोवीस तासांचा हिशोब चालतो. पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत खोली तुमची. मोबाईलवर दिसणाऱ्या फोटोत ही गोष्ट नसते. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्याला या एका प्रश्नातून जेवढे पैसे वाचतात, तेवढे कुठल्याही सवलतीच्या कूपनात वाचत नाहीत. म्हणून ॲपवर लॉज शोधा, पण बुक करण्याआधी थेट तिथं फोन लावा. दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं ज्यांना जड वाटतात ती माणसं नंतर दोन तास काउंटरवर भांडताना दिसतात.

फोनवर मी एवढंच विचारतो: चेकआऊट कसा, गरम पाणी किती ते किती, गाडी कुठं लावायची, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. कुणी अजून जुन्या दरानं कर लावत असेल तर बिल मागा आणि दाखवून द्या.

खोली न बघता पैसे भरणं

खाली काउंटरवर पैसे भरायचे नाहीत. पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायचं, ‘आधी खोली दाखवा.’ वाईट वाटून घेणारा लॉजवाला मला अजून भेटलेला नाही.

वर गेल्यावर मी पहिल्यांदा नळ सोडतो. मराठवाड्यात पाण्याला पहिला मान आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत मी लातूरला मुक्कामी होतो आणि खोलीसोबत दोन बादल्या मोजून मिळायच्या. संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी आहे, तरी रोज नळ न येण्याची सवय इथल्या घरांना वर्षानुवर्षांची आहे. लॉज टँकरवर चालतात. नळाला धार बारीक असेल तर एप्रिल-मेमध्ये ती खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. मग फ्लश, मग दाराची आतली कडी, मग चादर उचलून गादी. खिडकी उघडून खाली काय आहे ते बघतो. शेजारी मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईत रात्री बारापर्यंत बँड आणि पहाटेपासून मंडपवाल्यांची ठोकाठोक. बसस्थानकाच्या तोंडावरची खोली असेल तर मागच्या बाजूची मागून घ्या, ती बहुतेक वेळा त्याच भाड्यात मिळते.

एसीसाठी पाचशे-सहाशे जास्त मोजण्याआधी महिना बघा. आमचा उन्हाळा कडक पण कोरडा. कोरड्या हवेत कूलर उत्तम गार करतो, फक्त खिडकी थोडी उघडी हवी आणि टाकीत पाणी हवं. मी मे महिन्यातही कूलरचीच खोली घेतो आणि नीट झोपतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर अंगाला चिकचिक आणतो. तेव्हा साधा पंखा बरा.

तारीख न बघता निघणं

१४ जानेवारीला संभाजीनगरला खोली मिळेल ही आशा आयत्या वेळी धरू नका. १९९४ साली याच तारखेला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटसमोर गावोगावची माणसं लोटतात, आणि त्यांचा मुक्काम असतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरामुळे वेरूळची बाजू भरते. तुळजापूरला नवरात्रापासून कोजागरीपर्यंत खोलीच्या भाड्याला धरबंद नसतो. मुक्काम धाराशिवला किंवा साधारण ४५ किलोमीटरवरच्या सोलापूरला करा. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात माफक पैशांत राहता येतं हे लोकांना माहीतच नसतं. ते लॉजच शोधत बसतात. पण तिथंही दसरा, दिवाळी आणि होळीचा होला महल्ला या दिवसांत आधी चौकशी हवी. लंगर सगळ्यांसाठी आहे. डोकं झाकून, चप्पल बाहेर काढून, पंगतीत बसा. पोट भरतं आणि मनही भरतं.

रिक्षावाल्याला ‘एखादा चांगला लॉज दाखव’ म्हणू नका. त्याचं कमिशन तुमच्या भाड्यातच बसतं.

आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या. सुरुवातीचे आठ आकडे झाकलेले असले तरी ते चालतं.

त्याच शहराचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर बरेच लॉज खोली देत नाहीत. घरचे पाहुणे जास्त झाले म्हणून जवळ खोली घेणार असाल तर नोंद बाहेरगावच्या पाहुण्याच्या नावावर करा.

शोधताना जुनं (औरंगाबाद) आणि नवं (छत्रपती संभाजीनगर), दोन्ही नावं टाकून बघा, आणि पत्त्यातला जिल्हा वाचा. संभाजीनगर नावाच्या वस्त्या इतर शहरांतही आहेत.

पाटी आणि फोटो बघून जेवायला बसणं

जेवणाच्या बाबतीत लोक एवढे घाईवर का येतात हे मला कळत नाही. तीनशे किलोमीटर प्रवास करून यायचं आणि पहिली दिव्यांची पाटी दिसली की आत शिरायचं.

आमच्या प्रकाशनाचे दोन साहेब पुण्याहून आले होते. जालन्याला शाळांचं काम होतं. मी म्हटलं, थोडं थांबा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जेवू. त्यांना भूक लागली होती. हायवेवर मोठी पाटी होती, ‘अस्सल मराठवाडी चव’. मेनूकार्ड चौदा पानांचं. पंजाबी, चायनीज, डोसा, सगळं. मराठवाडी थाळी मागवली, ती सव्वा तासानं आली. भाकरी गार आणि कडक, वांग्याच्या आणि शेवेच्या भाजीला एकच लाल रस्सा, फक्त वरचा ऐवज वेगळा. बिल १,८४० रुपये, त्यात सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही. मी तो काढायला लावला. साहेबांचं मत मात्र तयार झालं होतं, ‘तुमच्याकडे जेवण यथातथाच असतं बरं का.’ ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी त्यांना मोंढ्यातल्या खानावळीत नेलं. पाटी जवळजवळ नाहीच. आत चुलीजवळ एक मावशी ज्वारीची भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. सोबत येसराची आमटी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ, आमटीला त्याचाच दाटपणा आणि वास. माणशी एकशे दहा रुपये. मोठ्या साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीसाठी मावशींना स्वतः हाक मारली.

म्हणून माझा नियम: दुपारी मोंढ्याजवळ, कोर्टाजवळ किंवा तहसीलीजवळ जेवायचं. हमाल, अडत्यांचे मुनीम, वकिलांचे कारकून रोज तिथं जेवतात. रोजचं गिऱ्हाईक असलेल्याला शिळं वाढून चालत नाही. वेळ बारा ते अडीच. तीनला गेलात तर तळाचं मिळेल किंवा काहीच नाही, आणि तो दोष खानावळीचा नाही. मेनूकार्ड जितकं लांब तितका रस्सा आदल्या दिवशीचा, हे मी पंधरा वर्षांच्या जेवणावरून सांगतो. शंका असेल तर एकच भाकरी आणि एक भाजी मागवा. पटलं तर पुढचं सांगा. सकाळी धपाटे-दही किंवा सुशीला (भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे) दिसली तर पोहे सोडून ती घ्या. डिसेंबर-जानेवारीत आलात तर एक दुपार हुरड्यासाठी ठेवा.

नान-खलिया ‘कुठंही’ खाणं

संभाजीनगरला येऊन नान-खलिया न खाता जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेबरोबर हे जेवण इथं आलं असं इथले लोक सांगतात. नान भट्टीतला, हळदीच्या पाण्यानं पिवळा दिसणारा, मऊ. खलिया म्हणजे वर तेलाचा तवंग असलेला पातळ, मसालेदार मांसाचा रस्सा. हा जेवणाचा प्रकार सिडकोतल्या एसी रेस्टॉरंटमध्ये मागवू नका. जुन्या शहरात, सिटी चौक, शहागंजच्या बाजूला जा.

बसण्याआधी एक प्रश्न मोकळेपणानं विचारा: ‘बडे का है या छोटे का?’ छोटे म्हणजे बकऱ्याचं मटण, बडे म्हणजे म्हशी-रेड्याचं. बऱ्याच जुन्या ठिकाणी खलिया बडेचा असतो. जे खात नाहीत त्यांनी आधी विचारलं तर दुकानदार सरळ उत्तर देतो, लागलं तर शेजारचं दुकानही दाखवतो. ताट समोर आल्यावर तोंड वाकडं करून उठणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यात शिजवणाऱ्याचा अपमान होतो. रमजानमध्ये यातली बरीच दुकानं दिवसा बंद असतात. त्या महिन्यात रोजा सुटल्यानंतर जा, गर्दी असते पण भट्टीतून नान सतत निघत असतो. आणि पार्सल घेऊन लॉजवर जाऊ नका. नान गार झाला की चिवट होतो. तिथंच बाकड्यावर बसा आणि दुसरा नान पहिला संपल्यावरच मागवा.