युद्धाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी काय काय बघायचं

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा सोलापुरातला कुठलाही ग्रुप उघडा, सोसायटीचा असो, टॉवेलवाल्यांचा असो नाहीतर शाळेच्या बॅचचा असो, सारखे व्हिडिओ पडत होते. कराची बंदर उडवलं, हाजिरा बंदरावर ड्रोन पडले, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणारेत आत्ताच पैसे काढून ठेवा. आपल्याकडं त्यात आणखी एक होतं, तोच व्हिडिओ आधी मराठीत येतो, मग शेजारचे तेलुगूत पाठवतात, अक्कलकोटकडचे पाहुणे कन्नडमध्ये पाठवतात, आणि तीन ठिकाणनं आलं म्हणजे खरंच असणार असं माणसाला वाटायला लागतं, पण तिन्हीचं मूळ एकच असतं आणि खूपदा ते मूळ म्हणजे एक्सवरची (आधीचं ट्विटर) एखादी पोस्ट असते. पुढच्या वेळी असं काही सुरू झालं तर घरातल्या घरात, साध्या मोबाइलवर, कसं तपासायचं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जरा मोठं झालंय, पण वाचा.

आधी एक्सच्या मालकाचं समजून घ्या, कारण ते नाही कळलं तर पुढचं तपासणं अर्धवट राहतं. इलॉन मस्कनं २७ ऑक्टोबर २०२२ ला ट्विटर ४४ अब्ज डॉलरला घेतलं आणि पुढच्या काही दिवसांत साधारण साडेसात हजारातली निम्मी माणसं कमी केली. निळी टिक आधी कंपनी ओळख तपासून द्यायची, पत्रकार, सरकारी खाती, नावाजलेली माणसं यांना, ती त्यानं महिन्याच्या पैशावर विकायला काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या जुन्या टिक काढून टाकल्या. त्याच महिन्यात रशिया, चीनच्या सरकारी चॅनलांवर ‘हे सरकारी माध्यम आहे’ असं लेबल असायचं तेही गेलं. जुलै २०२३ पासून टिकवाल्यांना जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळायला लागला, म्हणजे पोस्ट जेवढी चालेल तेवढे पैसे. आता युद्धाच्या रात्री सगळ्यात जास्त काय चालतं? स्फोट. मग तो कुठला आहे, कधीचा आहे, हे बघत बसायला त्या माणसाला कशाला वेळ असेल.

याचा परिणाम लगेच दिसला. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्राइलवर हल्ला केला, त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात न्यूजगार्ड या संस्थेनं एक्सवरच्या युद्धाबद्दल खोटं सांगणाऱ्या, सगळ्यात जास्त पसरलेल्या २५० पोस्ट बघितल्या, तर त्यातल्या ७४ टक्के निळ्या टिकवाल्यांच्या होत्या. आणि हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी खुद्द मस्कनं लोकांना सांगितलं की युद्धाच्या ताज्या बातम्यांसाठी ही दोन खाती बघा. त्याच दोन खात्यांनी मे २०२३ मध्ये पेंटॅगॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा बनावट फोटो पसरवला होता, तो फोटो एआयनं केलेला होता आणि त्यानं अमेरिकेचा शेअर बाजार थोडा वेळ खाली आला होता. मस्कनं ती खाती सुचवणारी आपली पोस्ट नंतर डिलीट केली, पण तोवर ती एक कोटीच्या वर वेळा बघितली गेली होती. एक्सवर सगळ्यात जास्त फॉलोअर असलेलं खातं त्याचंच आहे, त्यामुळं त्यानं नुसतं बोट दाखवलं तरी लोंढा तिकडं जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानं आणखी एक व्हिडिओ शेअर केला, ई न्यूज या अमेरिकन चॅनलचा वाटावा असा, की युक्रेनला जायला हॉलिवूडच्या नटनट्यांना अमेरिकन सरकारनं लाखो डॉलर दिले. चॅनलनं सांगितलं की असला व्हिडिओ आम्ही केलेलाच नाही, आणि ज्यांची नावं त्यात होती त्यातल्या बेन स्टिलरनंही हे खोटं असल्याचं सांगितलं. माझं मत स्पष्ट आहे, रस्ता ज्याच्या मालकीचा आहे, टोल जो घेतो, त्यानंच चुकीचे बोर्ड लावले तर गाडी चालवणाऱ्यानं दुप्पट सावध राहायला पाहिजे.

तर पहिली गोष्ट, निळी टिक बघून विश्वास ठेवायचा नाही. आणि टिक नाही म्हणून खोटं असंही नाही. खात्याच्या प्रोफाइलवर जा, कधी जॉइन झालंय ते लिहिलेलं असतं, त्याच्यावर दाबलं की खात्याची माहिती उघडते, नोव्हेंबर २०२५ पासून तिथं खातं कुठल्या देशातनं चालतं तेही दिसतं. व्हीपीएन, म्हणजे आपली जागा लपवणारं अॅप, वापरणारा तिथं फसवू शकतो म्हणून त्यालाच शेवटचा पुरावा धरू नका, पण नावात ‘इंडियन डिफेन्स’ आणि खातं तिसऱ्याच देशातलं, असलं काही दिसलं की थांबा. मग त्याच खात्याच्या जुन्या पोस्ट बघा. कालपर्यंत क्रिप्टो विकणारा, परवापर्यंत क्रिकेटचे मीम टाकणारा आज एकदम सीमेवरच्या बातम्या द्यायला लागला तर त्या त्याला कुठनं मिळाल्या?

आता व्हिडिओ. आमच्या मामांनी हाजिरा बंदराचा व्हिडिओ पाठवला होता, गुजरातमधलं बंदर, मोठी आग, खाली लाल पट्टी. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच मोबाइलवर करून दाखवलं, तेच इथं सांगते.

“मामा, व्हिडिओ चालू करा आन् आग सगळ्यात मोठी दिसती तिथं पॉज करा.”

पॉज केल्यावर स्क्रीनशॉट घ्यायचा आणि क्रॉप करून ती लाल पट्टी, लोगो, खालचं लिहिलेलं सगळं काढून टाकायचं, नुसती आग, किनारा, पाणी एवढंच ठेवायचं. हे क्रॉप करणं लोक विसरतात आणि मग गुगल त्या पट्टीवरचं वाचून तीच आजची खोटी बातमी पुन्हा दाखवतं. मग गुगल अॅप उघडून सर्चच्या पट्टीतल्या कॅमेऱ्याच्या खुणेवर दाबायचं, म्हणजे लेन्स, आणि तो फोटो द्यायचा. खाली तसेच दिसणारे फोटो येतात, त्यातली सगळ्यात जुनी तारीख शोधायची. एका फ्रेमनं नाही सापडलं तर दुसरी घ्या, मला शक्यतो दोन-तीन घ्याव्या लागतात, रात्रीच्या व्हिडिओला तर जास्तच. जुनी तारीख निघाली की प्रश्न मिटला, आजचा हल्ला त्याआधी कसा दिसेल. त्या हाजिऱ्याच्या व्हिडिओबद्दल सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं सांगितलं की तो ७ जुलै २०२१ चा, ऑइल टँकरच्या स्फोटाचा आहे. कराची बंदर म्हणून फिरलेला एक व्हिडिओ तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा निघाला, तिथं ३१ जानेवारी २०२५ ला छोटं विमान पडलं होतं. आणि तो टीव्हीवरच्या अँकरांनी ओरडून सांगितलेला हल्ला झालाच नव्हता, नौदलानं नंतर आम्ही तयारीत होतो एवढंच सांगितलं. म्हणजे टीव्हीवर आलं म्हणून खरं, हेही त्या रात्री चाललं नाही.

मामा एवढंच म्हणाले, “म्हणजे चार वर्षं जुनी आग बघून मी रात्रभर जागा राहिलो की.” त्यांचा पुतण्या तेव्हा पंजाबात पोस्टिंगला होता. ज्यांच्या घरातलं कुणी आर्मीत आहे त्यांना असले व्हिडिओ नुसती बातमी म्हणून दिसत नाहीत, ग्रुपवर टाकताना एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी बोट थांबतं.

व्हिडिओ गेममधले तुकडे ओळखायला वेगळी नजर लागते कारण लेन्स तिथं कधीकधी हात टेकतं. आर्मा ३ नावाचा गेम आहे, चेक देशातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा, युक्रेनपासून गाझापर्यंत प्रत्येक युद्धात त्याचे तुकडे खरे म्हणून फिरलेत आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारच्या खात्यानंही एक टाकला होता. कंपनीनंच ओळखायच्या खुणा सांगितल्यात. व्हिडिओ मुद्दाम खराब क्वालिटीचा, हलणारा, अंधारातला असतो, आवाज बहुतेक नसतोच, हालचाल करणारी माणसं दिसत नाहीत कारण गेममधल्या माणसाची चाल लगेच ओळखू येते, आणि धूर, धूळ, स्फोट जरा कृत्रिम वाटतात. मी स्वतः आधी माणसं शोधते. एवढी विमानं पडतायत, खाली गाव आहे, आणि एक माणूस पळत नाही, कुणी ओरडत नाही, कुत्रं भुंकत नाही, असं कुठं असतं का.

एआयचे आणि डीपफेक, म्हणजे खऱ्या माणसाचा चेहरा-आवाज वापरून बनवलेले, व्हिडिओ आणखी अवघड. पाकिस्तानी लष्कराचा प्रवक्ता दोन विमानं गमावल्याचं कबूल करतोय असा एक व्हिडिओ मे महिन्यात लाखो लोकांनी बघितला, तो बनावट होता, आणि आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर माफी मागतायत असाही एक होता, तोही बनावट. म्हणजे दोन्हीकडचं पीक आलं होतं. इथं ओठ आणि आवाज जुळतात का बघा, पण त्याच्यावर फार विसंबू नका, तंत्र सुधारत चाललंय. त्यापेक्षा तीच पत्रकार परिषद दुसऱ्या कॅमेऱ्यातनं, पूर्ण, कुठं आहे का ते शोधा, एवढी मोठी कबुली दिली असेल तर ती एकाच तीस सेकंदाच्या तुकड्यात सापडणार नाही.

एक सवय मात्र आजच सोडा, पोस्टखाली ग्रोकला विचारायची, हे खरं आहे का म्हणून. ग्रोक म्हणजे मस्कच्याच कंपनीचा एआय, तो एक्सवरच्या पोस्टही वाचून उत्तर देतो, म्हणजे जिथं खोटं पसरलंय तिथलंच वाचून तुम्हाला खरं सांगणार. भारत-पाकिस्तान संघर्षात त्यानं सुदानमधल्या खार्तूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान तळावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून सांगितला. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये इराणनं तेल अवीववर क्षेपणास्त्रं टाकली अशी न घडलेली हेडलाइनही त्यानं ट्रेंडिंगमध्ये लावली होती.

कम्युनिटी नोट्स, म्हणजे एक्स वापरणारे लोकच पोस्टखाली दुरुस्तीची टीप लावतात त्या, मात्र वाचत जा, त्या कामाच्या आहेत. मस्क यायच्या आधी, जानेवारी २०२१ मध्ये, बर्डवॉच नावानं ते सुरू झालं, भारतात एप्रिल २०२४ मध्ये आलं. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी नोट पटली तरच ती दिसते, त्यामुळं एका गटाला ती लावता येत नाही. पण याचमुळं उशीर होतो, आणि युद्धात पहिले दोन-चार तासच नुकसान करतात. नोट लागलेल्या पोस्टला पैसे मिळणार नाहीत असं मस्कनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं, चांगलं केलं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्कींच्या लोकप्रियतेवरच्या वादात नोट्स त्याच्या बाजूच्या येईनात तेव्हा सरकारं आणि जुनी माध्यमं यात खेळ करतायत, मी हे दुरुस्त करणार, असंही तोच म्हणाला. म्हणून नोट नाही म्हणजे पोस्ट खरी, असं धरू नका.

सरकारचंही थोडं बोलायला पाहिजे. ८ मे २०२५ ला एक्सनं सांगितलं की भारत सरकारनं आठ हजारांवर खाती देशात बंद करायचे आदेश दिलेत. त्यामुळं एखादं खातं दिसत नाही म्हणजे ते खोटंच होतं असं नाही, आणि दिसतंय म्हणजे कुणी तपासून ठेवलंय असंही नाही. पीआयबी फॅक्ट चेक सरकारी आहे, सैन्य, बंदरं, एटीएम, पेट्रोल असल्या अफवांवर ते पटकन बोलतात, व्हॉट्सअॅपवर ८७९९७११२५९ ला पाठवता येतं, पण सरकारच्याच दाव्याबद्दल शंका असेल तर तिथं थांबू नका, बूम, ऑल्ट न्यूज या बातम्या तपासणाऱ्या साइट बघा, मराठीत पाहिजे तर फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज मराठीत लिहितात. दोन वेगळ्या ठिकाणी तेच सापडलं की मी मान्य करते.

आणि “एक फॉरवर्ड केलं तर काय होतंय” म्हणणाऱ्यांना मी राईनपाड्याचं सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, त्यातली बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्याकडची. त्या भागात तेव्हा मेलेल्या लेकरांचे फोटो फिरत होते, किडन्या काढून टाकलेत म्हणून. ते फोटो सीरियातले होते, २०१३ मध्ये घौटात विषारी वायूचा हल्ला झाला त्यात गेलेल्या लेकरांचे. कुठलं सीरिया, कुठलं मंगळवेढा. युद्धातला एक फोटो त्याची जागा आणि तारीख काढून टाकून पाच वर्षांनी इथं आला आणि पाच घरं उद्ध्वस्त झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मेसेजवर दोन बाण दिसले की तो खूप हातांतनं फिरून आलाय हे समजा, असल्या मेसेजवर आधी तपास, मग बाकीचं.

शेवटचं, मोठ्यांना सांगायचं कसं, कारण खरी अडचण इथंच येते. ग्रुपवर सगळ्यांसमोर “काका, खोटं टाकू नका” लिहिलं की काका चिडतात आणि पुढच्या वेळी मुद्दाम टाकतात. त्यापेक्षा आधी त्यांना एकट्याला मेसेज करा, फोन केला तर आणखी चांगलं. “काका, मगाशी टाकलात तो व्हिडिओ मी बघितला, तो २०२१ चा निघाला, ही लिंक बघा, तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर सगळे ऐकतील.” असं म्हटलं की बहुतेक वेळा ते स्वतःच काढतात. देशप्रेमावर जाऊ नका, ‘तुम्ही फसलात’ म्हणू नका, तारीख आणि लिंक एवढंच बोला. चुकीचा मेसेज टाकणाऱ्यालाच तो ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करता येतो आणि त्यालाही साधारण अडीच दिवसांचीच मुदत असते, ग्रुपचा अॅडमिन असेल तर तोही काढू शकतो. काढल्यावर त्याच ग्रुपवर खऱ्या माहितीची लिंक टाकायला सांगा, मराठीतली असली तर मराठीतली, आणि ज्यांनी तो पुढं तेलुगू, कन्नडच्या ग्रुपवर पाठवला असेल त्यांनाही तीच लिंक पाठवा.