गुडघा बदलायचा कधी? या चुका टाळा

आधी एक गैरसमज मिटवू. 'वाटी बदलली' असं आपण सगळेच म्हणतो, पण ऑपरेशनमध्ये वाटी बहुतेक वेळा जागेवरच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात, दातावर कॅप बसवावी तसे. मधे प्लॅस्टिकची चकती. वाटीच्या आतल्या बाजूला कधी प्लॅस्टिकचं बटण लावतात, कधी तेही नाही. हे सांगायचं कारण असं, की 'बदलली' म्हटलं की लोकांना स्कूटरचा टायर बदलल्यासारखं वाटतं. सांधा नवा येतो, पण त्याला हलवणारे मांडीचे स्नायू तुमचेच असतात. जसे असतील तसे.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. सकाळी क्लिनिक, दुपारी पंचवटीपासून इंदिरानगरपर्यंत घरोघरच्या व्हिजिट. ऑपरेशन टाळायला सांगण्यात माझाच फायदा आहे असं कोणी म्हणेल, तर म्हणो. ऑपरेशननंतरही लोक माझ्याकडेच येतात. त्याच त्या चुका बघून मात्र आता कंटाळा आलाय.

'गॅप गेली' ऐकून तारीख घेणं

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा घेऊन आले. वय ६१. कुठल्याशा मोफत तपासणी शिबिरात गेले होते. तिथे फिल्म उजेडासमोर धरून कोणीतरी सांगितलं, "गॅप पूर्ण गेली, हाडावर हाड घासतंय, चौथी पायरी." दोन्ही गुडघे महिन्याभरात केले तर पॅकेजमध्ये सवलत. मुलाने रजा टाकली होती, सूनबाईंनी खोली रिकामी केली होती. काका मला एवढंच विचारायला आले होते, की ऑपरेशननंतर कोणते व्यायाम करायचे.

मी विचारलं, "काका, सकाळी फिरायला जाता का?"

"जातो ना. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. तीनेक किलोमीटर होतात."

"रात्री झोप?"

"झोप उत्तम. फक्त जिना उतरताना दुखतं."

तीन किलोमीटर चालणारा, रात्रभर घोरणारा माणूस दोन्ही गुडघे कापायला निघाला होता, आणि ते कशामुळे, तर एका फिल्ममुळे. ही चौथी पायरी म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेल्या एक्स-रेच्या प्रतवारीतली शेवटची पायरी. ही प्रतवारी झीज सांगते, तुमचं दुखणं सांगत नाही. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन गंगेवर (म्हणजे आमच्या गोदाघाटावर) रोज फिरणारी माणसं मी बघितली आहेत, आणि दुसऱ्या पायरीला रडकुंडीला आलेलीही.

आणि या दुसऱ्या मंडळींनी तर फारच जपून राहावं. एक्स-रेवर थोडीच झीज असताना ऑपरेशन केलेले लोक नंतर जास्त नाराज असतात. एरवीसुद्धा साधारण पाचातला एक जण म्हणतो, 'वाटलं होतं तेवढं बरं नाही वाटत.' वयाचंही गणित आहे. बसवलेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, हे २०१९ मध्ये परदेशांतल्या मोठ्या नोंदींवरून दिसलं. म्हणजे सत्तरीत बसवलेला गुडघा बहुतेकांना जन्मभर पुरतो. पण ब्रिटनमधल्या नोंदी सांगतात की पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत सुमारे तिघांतल्या एकावर पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशनची वेळ येते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नसतं. पन्नाशीत एकाच बाजूची झीज असेल तर अर्धा गुडघा बदलणं किंवा नडगीचं हाड कापून पायाची रेषा सरळ करणं हेही पर्याय असतात. ते विचारा. न विचारता कोणी सांगेलच असं नाही.

काकांना मी ऑपरेशन करू नका असं म्हटलं नाही. तीन महिने मागितले. मांडीचे आणि कुल्ह्याचे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, आणि वजन. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. त्यांनी सहा किलो उतरवलं, रविवारची मिसळ महिन्यातून एकदा केली (आणि त्यासाठी मला अजून ऐकवतात). याला चार वर्षं झाली. एक दिवस कदाचित ऑपरेशन करावंही लागेल. पण तेव्हा ते कारण घेऊन जातील, लिफाफा घेऊन नाही.

'व्यायाम करून बघितले, फरक नाही' असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, किती दिवस? उत्तर येतं, "आठ-दहा दिवस केले की." आठ दिवसांत मेथीसुद्धा धड येत नाही. मांडीचा स्नायू कुठून येणार?

दुखतंय ते गुडघ्याचंच, असं धरून चालणं

कुल्ह्याचा सांधा झिजला तरी कधी कधी दुखतो गुडघाच. मोजे घालायला, पायाची नखं कापायला हात पोचत नसेल, मांडी आत वळवली की जांघेत कळ येत असेल, तर आधी कुल्हा तपासून घ्या. कमरेतली नस दबली असेल तरी पाय दुखतो. आणि गुडघा एकाएकी लालबुंद, गरम झाला, ताप आला, तर हा लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

'अगदीच चालता येईना की बघू'

ही दुसऱ्या टोकाची चूक. माझ्या मते जास्त महागात पडणारी, कारण हिचं नुकसान ऑपरेशनने पूर्ण भरून येत नाही.

निफाडकडच्या एक आजी. घरची द्राक्षबाग. पहिल्यांदा आल्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. दोन्ही गुडघे झिजलेले, रात्री दोनदा उठून तेल चोळायच्या, शेजारच्या आळीतल्या देवळापर्यंत जाणंही थांबलेलं. व्यायाम आधीच इमानदारीने करून झाले होते. सर्जननेही सांगितलं होतं की करून घ्या. मीही तेच म्हटलं. आजी म्हणाल्या, "आता ऑक्टोबरची छाटणी आहे गं बाई, ती होऊन जाऊ दे."

छाटणी झाली. मग थिनिंग, मग डिपिंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला. एप्रिलमध्ये खरड छाटणी. मग पाऊस, मग पुन्हा ऑक्टोबर. द्राक्षबागायतदाराच्या घरात मोकळा महिना नावाची गोष्टच नसते. मधे नातीचं लग्न झालं, एका वर्षी गारपीट झाली, एका वर्षी भाव पडला. सहा वर्षं गेली.

सहा वर्षांनी आल्या तेव्हा मी त्यांना गादीवर सरळ झोपवलं आणि गुडघ्याखाली हात घातला. ही माझी जुनी सवय. टाच गादीवर टेकवून पाय सैल सोडायचा आणि गुडघ्याच्या मागे किती बोटं सरकतात ते बघायचं. जितकी जास्त बोटं, तितका गुडघा सरळ व्हायचा कमी. पहिल्या भेटीत दोन बोटं जात होती. आता माझी अख्खी मूठ जात होती, वर जागा उरत होती. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले. चालणं थांबल्यामुळे वजन वाढलं, साखर वाढली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फिटनेस द्यायलाच तीन आठवडे घेतले.

ऑपरेशन छान झालं. दुखणं दोन महिन्यांत गेलं. पण सर्जनने पाय सरळ केला म्हणून मांडीला सरळ पाय पेलता येतो असं थोडंच आहे? तो स्नायू सहा वर्षं वाकलेल्या पायावरच काम करत होता. त्यात दुसरा गुडघा अजून वाकलेला, म्हणजे तो पाय आखूड. बरोबरी साधायला आजी नवा पायसुद्धा वाकवूनच टाकायच्या. ज्या वॉकरची बहुतेकांना काही आठवडेच गरज लागते, तो त्यांच्याकडे पाच महिने राहिला. शेवटी दुसरा गुडघाही करावा लागला. आता देवळात जातात. पण सहा वर्षांपूर्वी केलं असतं तर किती चालल्या असत्या, हे त्या स्वतःच मला म्हणाल्या. मी गप्प बसले.

ऑपरेशननंतर गुडघ्याची हालचाल किती होईल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज ऑपरेशनआधी ती किती होत होती यावरून येतो. म्हणून मी एक्स-रेपेक्षा बोटं मोजते, आणि घरच्यांनाही मोजायला शिकवते. महिन्याच्या एक तारखेला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दोनाची तीन झाली, तिनाची चार झाली, किंवा पाय दिसण्याइतका बाहेर वाकायला लागला, तर दुखणं सोसण्यासारखं असलं तरी सर्जनकडे जा.

कॅलेंडरवर आणखी एक गोष्ट लिहा: काय करणं सोडलं. माणूस 'दुखतं' म्हणताना वाढवूनही सांगतो आणि लपवूनही. पण रविवार कारंजा चौकात उतरून मेनरोडने चालत जाणारी बाई दुकानाच्या दारापर्यंत रिक्षा नेऊ लागली, मग सुनेला पाठवू लागली, मग 'मला काही लागतच नाही' म्हणू लागली, की गुडघ्याने निकाल दिलेला असतो. रात्रीची झोप मोडणं, चालणं आक्रसत जाणं आणि तीन महिन्यांच्या खऱ्या व्यायामाने फरक न पडणं, ही तीन एकत्र आली आणि एक्स-रेनेही दुजोरा दिला, तर माझ्याकडे वेळ घालवू नका.

समारंभ बघून तारीख ठरवणं

'डिसेंबरात लग्न आहे, नोव्हेंबरात करून टाकू.' सध्या नवीन पालुपद आहे, '२०२७ च्या सिंहस्थाच्या आधी उरकू.' काठी सुटायला साधारण सहा आठवडे, रोजची कामं जमायला तीन महिने, आणि सुधारणा तर वर्षभर चालू राहते. पर्वणीच्या गर्दीत तीन महिन्यांचा गुडघा घेऊन जाऊ नका. सप्तशृंगीच्या पायऱ्यांचंही तेच. गडावर आता ट्रॉली आहे, तिच्यात बसण्यात देवी काही उणं मानत नाही.

शॉर्टकट

दुर्बिणीने गुडघा 'धुऊन' घेणं: २००२ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांचे गुडघे खरोखर धुतले आणि काहींना नुसतीच चीर दिली. धुतलेल्यांना नुसत्या चीरवाल्यांपेक्षा जास्त बरं वाटलं, असं काही दिसलं नाही. झिजलेल्या गुडघ्यासाठी यावर पैसे घालू नका.

स्टेरॉइडचं इंजेक्शन: काही आठवडे आराम देतं, पण ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच्या तीन महिन्यांत नको. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टर दोन असतील तर एकाचं दुसऱ्याला तुम्हीच सांगा.

तेल: लावा, बरं वाटतं. 'वंगण' मात्र त्याने भरत नाही.

दोन्ही एकदमच

'एकदाच काय तो त्रास' हे ऐकायला बरं वाटतं. ज्यांचं हृदय आणि वय साथ देतं त्यांचं होतंही नीट. पण एकेक करण्यात कमीपणा नाही. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये झाला आणि उजवा जून २००१ मध्ये. देश सांभाळणारा माणूस आठ महिने थांबला, तर तुमच्या दुकानाचं काय अडलंय?

इम्प्लांटच्या रंगावर भाळणं

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये इम्प्लांटच्या, म्हणजे गुडघ्यात बसवायच्या भागांच्या, किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. त्यामुळे बिल मागताना इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा. सोनेरी मुलामा, रोबोट, 'मांडी घालता येईल' हे सगळं ऐका आणि मग एकच विचारा: तुम्ही महिन्याला असे किती गुडघे करता? रोबोट असला तरी तो चालवतो सर्जनच. आणि मांडी घालण्याचं म्हणाल, तर ज्याची आधीच बसत नव्हती त्याची सहसा बसत नाही. उकिडवं बसून कांदा काढायचाच असेल तर हे ऑपरेशन त्यासाठी नाही.

तयारी न करता भरती होणं

साखर आटोक्यात हवी, किडलेला दात आणि लघवीचा संसर्ग आधी बरा हवा. मेडिक्लेम असेल तर सांधेबदलासाठी थांबण्याचा काळ संपला का ते पॉलिसीत बघा. घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. आजीला बरं वाटतं म्हणून नातवंडं ठेवतात आणि पाय वाकलेलाच राहतो. मी प्रत्येक घरात ती उशी स्वतः उचलून कपाटात टाकते.

आणि कमोड. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर काम महिनाभर आधी उरका. पंचवटीतल्या एका वाड्यात मावशी शुक्रवारी घरी आल्या तेव्हा गवंडी कमोडभोवती सिमेंट भरत होता. "दोन दिवस कोणी बसू नका," असं सांगून तो सोमवारपर्यंत गायब. त्या दोन दिवसांत मावशी वॉकर घेऊन समोरच्या बिऱ्हाडात जात होत्या, आणि त्या बिऱ्हाडाला तीन पायऱ्या होत्या.