घराला डेक करून घेताय? आधी या चुका टाळा

अलीकडे सातारा-सांगलीकडे गच्चीवर, बंगल्यापुढे, शेतघराच्या अंगणात डेक, म्हणजे सांगाड्यावर लाकडी किंवा लाकडासारख्या पट्ट्या बसवून केलेली मोकळी बैठक, करून घेणारे वाढलेत. हौस चांगलीच आहे. संध्याकाळी समोर अजिंक्यतारा आणि हातात चहा, हे कोणाला नको वाटेल? पण यातले कितीतरी डेक दोन-तीन पावसाळ्यांतच हलायला लागतात आणि मालक म्हणतात, "लाकूडच खराब निघालं." मी उघडून बघितलेल्या बहुतेक डेकवर वरची पट्टी ठीकठाक होती. खाली पाणी तुंबलेलं, सांगाडा गंजलेला आणि स्क्रूची डोकी तुटलेली. गिऱ्हाईक मात्र सगळा वेळ पट्टीचा रंग निवडण्यात घालवतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी पाण्याचा विचार करा, मग सांगाड्याचा, मग स्क्रूचा. पट्टी सगळ्यात शेवटी निवडा.

दुसऱ्याचा डेक बघून तसाच मागणं

आपल्याकडे एकाच जिल्ह्यात हवामान टोकाचं बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटावला पाचशेच्या आसपास. मेढा, बामणोली, पाटण या पट्ट्यात लाकडाला खालून वारा मिळाला नाही की बुरशी धरते. तिथे डेक जमिनीपासून निदान दीड फूट वर हवा आणि बाजू बंद करू नयेत. जत, आटपाडी, म्हसवडकडे ऊन हाच शत्रू. तिथे गडद रंगाची डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली) पट्टी एप्रिलच्या दुपारी इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तिसराच प्रश्न असतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर ठेवलेले खांब हलवते. खांबाचा पाया खालच्या मुरमापर्यंत न्या. वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांब मातीत न गाडता सिमेंटच्या ओट्यावर बसवा. सांगलीत गावभाग, सांगलीवाडीकडे घर असेल तर महापुराचाही विचार हवा. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरला की पोकळ पाइपांत आणि पोकळ पट्ट्यांत गाळ राहतो, तो निघत नाही. अशा जागी भरीव पट्टी घ्या आणि ती सुटी करून धुता येईल अशी बसवा.

गच्चीची परीक्षा न घेता डेक चढवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. एकदा डेक बसला की खालची गच्ची दिसत नाही आणि गळती खोलीच्या छताला ओल आल्यावरच कळते. काम सुरू करण्याआधी गच्चीची पाणी जायची तोंडं बंद करून दीड-दोन इंच पाणी दोन दिवस उभं करा. खाली ओल आली तर डेकचा विषय थांबवून आधी वॉटरप्रूफिंग करा. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. सांगाड्याचे पाइप उताराला आडवे टाकले तर ते बांधासारखं पाणी अडवतात, त्यामुळे खाली ठोकळे देऊन ते उचलून घ्या. कॉन्ट्रॅक्टर कोब्याला ड्रिल मारून सांगाडा बोल्टने आवळायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. प्रत्येक भोक ही गळतीची जागा होते. आणि पाणी जायच्या जाळीवरची पट्टी उचलता आली पाहिजे. पाचोळा काढायला हात पोचला नाही तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही.

वजनाचंही बघा. राहत्या घराची वापरती गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून केलेली असते. फूटभर ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. डेकच्या कडेला मोठे वाफे करायचे असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. जुन्या घरांत तर मुळीच नको.

सांगाड्यात आणि स्क्रूत पैसे वाचवणं

मेढ्याच्या बाजूला एका बंगल्याचा डेक खोलताना मी शेजारी उभा होतो. वरचं सागवान तेल पाजलेलं, देखणं. सुताराने पहिल्या पट्टीखाली पहार घातली आणि पट्टी सहज उचलून आली, कारण धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं. स्क्रू काळे होते, जिप्समच्या छताला वापरतात ते. गंजून त्यांची मान तुटलेली, डोकी तेवढी वर लाकडात रुतून बसलेली. खालच्या लोखंडी पाइपाला बाहेरून रंग होता, पण टोकं उघडीच. आत पावसाचं पाणी साठून पाइप आतून बाहेर गंजत आला होता. अंगठ्याने दाबला तर पापुद्रा निघाला. मालकांनी सागवानाला भरपूर पैसे मोजले होते. सांगाडा नीट असता तर तेच सागवान पुढची कितीतरी वर्षं टिकलं असतं.

म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा घ्या. वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो, त्या जागी झिंकचा रंग आठवणीने मारून घ्या. पाइपाची टोकं बंद करा. साधं लोखंड वापरणार असाल तर खालच्या बाजूलाही रंगाचे दोन हात हवेत, आणि ते पट्ट्या बसायच्या आधी. आडव्या पाइपांतलं अंतर डब्ल्यूपीसीला एक फूट आणि इंचभर जाडीच्या सागवानाला सव्वा फूट धरा. दोन-दोन फुटांवर पाइप टाकून माल वाचवणारे बरेच भेटतात. अशा डेकवर चाललं की झोका बसतो. स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा आणि दुकानात लोहचुंबक लावून बघा. जोरात चिकटला तर तो स्क्रू ३०४ चा असण्याची शक्यता कमी.

लाकूड आणि पट्टी

सागवान घ्यायचं तर वखारीत जाऊन गाभ्याचं लाकूड निवडा. कडेचा पांढरट भाग किडीला आणि बुरशीला लगेच बळी पडतो. पावसाळ्यात कापलेलं ओलं लाकूड लगेच ठोकलं तर उन्हाळ्यात ते आकसतं आणि पिळतं. कॉन्ट्रॅक्टरकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आकडा बारा-चौदा टक्क्यांच्या आत आहे ना ते बघा. बांधावरचा स्वतःचा साग तोडून डेक करायचा विचार पुष्कळांचा असतो. लक्षात असू द्या, महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग अनुसूचित झाड आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वन विभागाचा पास.

डब्ल्यूपीसीत एक फसवणूक नेहमी होते. दरवाजे आणि किचनच्या कपाटांसाठी येणारा हलका बोर्ड डेकची पट्टी म्हणून खपवला जातो. तो उन्हात टिकत नाही. डेकसाठीची पट्टी वेगळी असते, त्याच कंपनीच्या क्लिप तिच्याबरोबर येतात. ती उन्हात लांबीला वाढते, म्हणून टोकांना कंपनी सांगेल तेवढी फट सोडावीच लागते.

लाकडाला चकचकीत पॉलिश मारून घेऊ नका. त्याचा थर उन्हाने फुटतो आणि आत पाणी शिरतं. डेकचं तेल लावा, दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा.

कॉन्ट्रॅक्टर फोटोवरून ठरवणं

फोटो पहिल्या दिवशीचे असतात. दोन पावसाळे झालेलं काम दाखवायला सांगा आणि तिथे गेल्यावर वाकून डेकच्या खाली बघा. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याला काम देऊ नका, दर कितीही कमी असो. प्रत्यक्ष काम कोण करणार हेही विचारा. डेकला फॅब्रिकेटर आणि सुतार दोघं लागतात आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. जबाबदारी एकाचीच ठरलेली बरी.

चौरस फुटाचा दर ऐकून भुलू नका. त्या दरात सांगाडा आहे का, कडेची पट्टी, पायऱ्या, रेलिंग, वाया जाणारा माल कोणाच्या अंगावर, हे सगळं कागदावर घ्या. पाइपाचं माप आणि जाडी, स्क्रूची प्रत, पट्टीची कंपनी लिहून दोघांच्या सह्या करा आणि पक्कं बिल मागा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो. पैसे टप्प्याने द्या. सांगाडा पूर्ण झाला की तो स्वतः बघून मगच पट्ट्या बसवू द्या, आणि दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा. ही अट कामाआधी सांगितली तर चांगला कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करत नाही. मे महिन्यात घाईने काम काढू नका. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ.

डेक झालाय आणि त्रास देतोय?

पट्टी पायाखाली दबत असेल तर मधे एखादा आडवा पाइप वाढवून घ्या. पट्टी बदलून फरक पडणार नाही. डब्ल्यूपीसीने कमान धरली असेल तर टोकाला फट नाही, तेवढं कापून घेतलं की ती बसते. सागवानावर स्क्रूभोवती काळे डाग पडले तर ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनमुळे. स्क्रू स्टेनलेसचे करा, मग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्याने डाग निघतात. हातमोजे घाला. शेवाळ मऊ ब्रशने काढा. प्रेशरचा जोराचा फवारा लाकडाचे धागे उभे करतो.

रेलिंग हलत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. बहुधा खांब नुसत्या पट्टीला आवळलेला असतो. तो खालच्या सांगाड्याला बोल्टने धरला पाहिजे, उंची किमान साडेतीन फूट आणि दोन गजांतली फट चार इंचांच्या आत, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जाणार नाही. दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला खुर्च्या मांडू नका आणि मुलांना डेकवर एकटं सोडू नका.