किळस आली, हे इंग्रजीत कसं सांगावं?

सदाशिव पेठेतल्या माझ्या संभाषणवर्गात एका काकूंनी भिडे पुलाखालच्या वासाबद्दल ठासून सांगितलं, 'आय ॲम डिस्गस्टिंग!' कुणी हसलं नाही, कारण बाकीचेही तेच म्हणणार होते. अर्थ मात्र झाला, 'मी किळसवाणी आहे.'

म्हणून आधी हे सोडवा: किळस कुणाला आली आणि कशाची आली? जिला आली ती डिस्गस्टेड, जिची आली ती गोष्ट डिस्गस्टिंग. मराठीत किळस आपल्याला 'येते', इंग्रजीत आपणच 'होतो'. वासाची आली तर 'आय वॉज डिस्गस्टेड बाय द स्मेल'. माणसाची किंवा स्वतःचीच आली तर बहुधा विथ: 'डिस्गस्टेड विथ मायसेल्फ'.

मग जोर द्या. रिव्होल्टिंग म्हणजे शिसारी आणणारं. 'व्हेरी रिव्होल्टिंग' कानाला खटकतं, कारण रिव्होल्टिंगमध्ये 'फार' आधीच भरलेलं आहे. 'ॲब्सोल्यूटली रिव्होल्टिंग', 'अटरली डिस्गस्टिंग' म्हणा. वास असेल तर फाउल स्मेल.

खरी गंमत स्वयंपाकघरात आहे. आपण तेलाला शिळं म्हणत नाही, खवट म्हणतो. पोळी शिळी, दूध नासलेलं, अंडं सडकं. कुणी 'खवट पोळी' म्हणालं तर आजी लगेच टोकेल. इंग्रजीतही असेच जोड ठरलेले आहेत: रँसिड ऑइल, स्टेल ब्रेड, रॉटन एग्ज. दुधाला 'सावर मिल्क' किंवा सरळ 'द मिल्क हॅज गॉन ऑफ'. 'रॉटन मिल्क' म्हटलंत तर समोरच्याला कळेल, पण आजीसारखंच टोकावंसं वाटेल. त्यामुळे हे शब्द सुटे पाठ करू नका, जोडीनेच वहीत उतरवा.

आता शरीर. पोटात ढवळलं तर 'इट टर्न्ड माय स्टमक'. अंगावर पाल पडल्यासारखं झालं तर 'इट मेड माय स्किन क्रॉल'. कुणी वैतागून सभेतून उठून गेलं तर 'ही वॉक्ड आउट इन डिस्गस्ट'. नाक मुरडणं तर जवळजवळ तसंच्या तसं मिळतं, 'टर्न अप युअर नोज ॲट'. त्यात किळसेपेक्षा तुच्छता जास्त, आपल्याकडेही तसंच.

वीट येणं मात्र वेगळं. कर्वे रस्त्यावरच्या ट्रॅफिकची किळस येत नाही, वीट येतो: 'आय ॲम सिक ऑफ धिस ट्रॅफिक'. इथे डिस्गस्ट ओढून आणू नका.

शेवटी एक सावधगिरी. परदेशी यजमानांकडे जेवायला गेलात आणि पदार्थ घशाखाली उतरेना, तर डिस्गस्टिंग हा शब्द तोंडातून काढू नका, तो फार लागतो. 'इट्स नॉट रिअली माय थिंग' म्हणा. आपण मिसळीची चव बिघडली असली तरी 'बरी आहे' म्हणतो ना, साधारण त्याच सुरात.