टॉर्पेडो जहाजांच्या मागून का जायचे

पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेममध्ये मी जहाजांच्या काफिल्यावर चार टॉर्पेडो सोडायचो, त्यातले तीन जहाजांच्या मागून निघून जायचे. आठवडाभर अंतराच्या मोजणीला दोष देत बसलो. चूक होती जहाजाच्या वेगात. नेम धरताना तो मी नजरेच्या अंदाजाने भरायचो.

आता पाणबुडी जवळजवळ थांबवतो, पेरिस्कोप एका दिशेला रोखतो. जहाजाचं पुढचं टोक उभ्या रेषेवर आलं की घड्याळ सुरू, मागचं टोक पार झालं की बंद. १३० मीटरच्या जहाजाला ३६ सेकंद लागले, म्हणजे साधारण ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल). आणि मी ५ भरत होतो!

शिवाय आता काफिल्याच्या मार्गाला काटकोनात तोंड करून थांबतो. टॉर्पेडो सरळ जातो, वळावं लागत नाही, त्यामुळे अंतर थोडं चुकलं तरी खपतं.

मारा आधी दूरच्या जहाजावर. जी७ई हा विजेवर चालणारा जर्मन टॉर्पेडो ३० नॉटने जातो: १५०० मीटरला सुमारे ९७ सेकंद, ८०० मीटरला ५२. मधे ४५ सेकंद थांबलं की दोन्ही स्फोट एकदम होतात. नाहीतर पहिल्या धमाक्यालाच बाकीची जहाजं वळायला लागतात.

गेममधल्या १९४० च्या मोहिमेत चुंबकीय फ्यूज (जहाजाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडो फोडणारा) मात्र टाळतो. तेव्हा खऱ्या जर्मन पाणबुड्यांनाही तो दगा द्यायचा.