आजारी लेपर्ड गेको: आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी

ढब्बू हा आमचा लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल, खरं तर मुलीचा. ती शिकायला बाहेर गेली, होस्टेलवर पाल चालणार नव्हती, म्हणून काचपेटीसकट तो माझ्या गळ्यात पडला. जाताना तिनं पानभर सूचना लिहून दिल्या. त्यात आजारपणाबद्दल एकच ओळ होती: "आजारी वाटला तर डॉक्टरकडे ने." आता, दिवसभर लपून झोपणारा प्राणी आजारी आहे हे वाटायचं कशावरून, आणि डॉक्टर मिळेपर्यंत काय करायचं, हे त्या ओळीत नव्हतं. ते मी चुकत चुकत शिकले. इथे चुकांसकट लिहिते आहे.

ओळखायचं वजनावरून, डोळ्यांवर विसंबायचं नाही. गेको आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवतो आणि रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर झाकणाचा रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, गेको डब्यात ठेवा, आकडा वहीत लिहा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खायला घालण्याआधी. माझ्या वहीत ढब्बूचे आकडे असे उतरत गेले: 68, 66, 63, 59. मधल्या 66 ला मी दुर्लक्ष केलं. 63 ला शंकेची पाल चुकचुकली (हा वाक्प्रचार या घरात आता जपून वापरावा लागतो). 59 ला घाबरले. 9 ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन चमचे साखर, पण 68 मधले 9 म्हणजे 13 टक्के. साठ किलोच्या बाईचे आठ किलो महिन्यात उतरले तर घरचे गप्प बसतील का? मी आता 10 टक्क्यांची रेघ मारून ठेवली आहे. वजन तिच्याखाली गेलं की वाट बघायची नाही.

वजनाच्या जोडीला शेपूट बघा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. धडधाकट असेल तर शेपूट साधारण मानेइतकी जाड असते. ढब्बूचं नाव त्या शेपटीवरूनच पडलं होतं, आणि तीच एका बाजूनं सुरकुतलेल्या शेंगेसारखी दिसायला लागली होती.

नुसतं खाणं बंद झालं म्हणून मात्र धावपळ करू नका. कात टाकायच्या आधी तो फिकट पडतो आणि खात नाही. विणीच्या हंगामात नर खात नाहीत, अंडी धरलेल्या माद्या खात नाहीत, नव्या घरात आलेला गेको आठवडा-दोन आठवडे तोंड फिरवतो. मोठा गेको दहा-बारा दिवस उपाशी राहिला आणि वजन जागच्या जागी असेल, तर थांबायला हरकत नाही. पिल्लाच्या बाबतीत इतकी मुभा नाही, त्याच्या अंगात साठाच नसतो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. 59 चा आकडा पाहिला आणि मी जे कुठलीही आई करेल तेच केलं, खायला घातलं. ढब्बू नको म्हणत होता, तरी चिमट्यानं ओठांशी अळी घासत घासत तीन गुबगुबीत वॅक्सवर्म गिळायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीच्या कोपऱ्यात तिन्ही अळ्या पडलेल्या, चिकट पाण्यात, जशाच्या तशा. एकीचं डोकंसुद्धा फुटलेलं नव्हतं. रात्रभर पोटात राहूनही पचनाला सुरुवातच झाली नव्हती.

कारण पोट थंड होतं. सरपटणाऱ्या प्राण्याला अंगची ऊब नसते, अन्न पचवायची उष्णता त्याला खालच्या जमिनीतून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचण्याऐवजी सडतं, नाहीतर उलटून पडतं. माझ्या पेटीच्या काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर बरोबरच आकडा दाखवत होता, फक्त तो आकडा काचेचा होता. पेटीला खालून ऊब देणारी विजेची मॅट असते, तिच्या वरच्या फरशीवर मोजलं तर 24 अंश. मॅट चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या प्रोबची (तापमान मोजणाऱ्या वायरीच्या टोकाची) चिकटपट्टी सुटून तो मॅटला खालून टेकला होता. तिथली उष्णता मोजून थर्मोस्टॅट मॅट बंद करत होता आणि वर फरशी गारच राहत होती. उलटं झालं असतं, म्हणजे प्रोब बाहेरच्या गार हवेत लोंबकळत राहिला असता, तर मॅट तापतच गेली असती आणि ढब्बूचं पोट भाजलं असतं.

तेव्हा पहिलं काम हे: गेको जिथे पोट टेकून बसतो, त्याच जागेवर तापमान मोजा. उबदार बाजूची फरशी 31 ते 33 अंश सेल्सिअस हवी, थंड बाजू 24 ते 26. आजारी आहे म्हणून सगळी पेटी तापवू नका. त्याला हवं तेव्हा उबेत, हवं तेव्हा गारव्यात जाता आलं पाहिजे, आणि दोन्हीकडे लपायला जागा हवी. आजारपणात मॅट रात्रीही चालू ठेवा. थर्मोस्टॅट नसलेली मॅट आणि पेटीत ठेवायचे तापणारे दगड, दोन्ही वापरू नका.

एक दिवस उबेत गेल्यावर पाणी. डोळे खोल गेलेत, कातडीची घडी उचलली तर तशीच उभी राहते, तोंडात लाळ चिकट झालीये, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. सुईविना सिरिंज घ्या, तिच्या टोकाशी एक थेंब येऊ द्या आणि तो नाकाच्या शेंड्यावर ठेवा. तोंडात पिचकारी मारायची नाही, पाणी फुफ्फुसात जाईल. ढब्बूच्या नाकावर पहिला थेंब मिनिटभर नुसता थरथरत राहिला. मग जाड गुलाबी जीभ बाहेर आली, थेंब गेला. दुसऱ्या थेंबाला इतका वेळ लागला नाही. पाचव्यानंतर त्यानं मान वळवली, मी थांबले. असं दिवसातून दोन-तीनदा.

शी अडकली असेल किंवा कात चिकटली असेल तर कोमट पाण्यात बसवता येतं. पाणी 30 अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटाला गरमही नाही आणि गारही नाही असं, खोली जेमतेम पोट बुडेल इतकी, वेळ 10 ते 15 मिनिटं. मधे फोन आला तर वाजू द्या, अशक्त गेको बोटभर पाण्यातही बुडू शकतो. बाहेर काढल्यावर टिपून थेट उबदार बाजूला ठेवा.

कातेबद्दल थोडं सविस्तर, कारण आजारी गेकोची कात हमखास अडकते, आणि अडकते ती बोटांवर. पांढुरकं वेटोळं बोटाभोवती राहतं, वाळून आवळत जातं, रक्तपुरवठा थांबतो आणि काही दिवसांनी बोट गळून पडतं. कोमट पाण्यानंतर ओल्या इअरबडनं बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवा. सुटली तर ठीक, नाही तर उद्या पुन्हा. कोरडी कात ओढायची नाही. पापणीच्या आत अडकलेल्या कातेला घरी चिमटा लावायचाच नाही, ते डॉक्टरांचं काम. (या गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात, घरातल्या भिंतीवरच्या पालीला नसतात. म्हणूनच याची पापणी सुजते, चिकटते.) पेटीत झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओला पेपर टॉवेल घातला की कात टाकायला दमट जागा तयार होते. टॉवेल एक दिवसाआड बदला, नाहीतर बुरशी येते.

याच दरम्यान पेटी रिकामी करून घ्या. वाळू, माती, सजावट बाहेर, खाली साधा पेपर टॉवेल. वाळू पोटात जाऊन आतडं तुंबतं हे एक कारण. दुसरं असं की कागदावर शी, उलटी, रक्त सगळं लगेच दिसतं. न खाल्लेले रातकिडे आत सोडून ठेवू नका. निरोगी गेको रातकिडे खातो, पण निपचित पडलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या रातकिडे कुरतडतात. दुसरा गेको असेल तर तो वेगळ्या पेटीत, चिमटे-वाट्याही वेगळ्या, आणि आजाऱ्याचं काम नेहमी शेवटी करायचं.

डॉक्टर शोधताना आधी फोन करून सरळ विचारा, सरपटणारे प्राणी बघता का. मी गेले त्या पहिल्या डॉक्टरांनी ढब्बूकडे बघून सांगितलं, "मला कुत्री-मांजरं कळतात, हे कळत नाही." मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. जाताना वजनाची वही, तापमानाचे आकडे आणि ताजी शी न्या. शी बंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवली तर चालते, फ्रीझरमध्ये नाही, आणि 24 तासांच्या आत पोचली पाहिजे. चांगली शी म्हणजे घट्ट तपकिरी भाग आणि त्याला जोडून खडूसारखा पांढरा. पाणचट, फार दुर्गंधीची किंवा न पचलेले किडे दिसणारी शी असेल तर फोटोही काढून ठेवा. प्रवासासाठी लहान डबा, हवेला भोकं, आत मऊ कापड, आणि बाहेरून फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली.

ढब्बूच्या शीत जंत निघाले, पिनवर्म. थोडे जंत बऱ्याच गेकोंच्या पोटात असतात आणि त्रास देत नाहीत. ऊब कमी पडून प्राणी खचला की ते वाढतात. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबानं फेनबेंडाझोल दिलं. 59 ग्रॅमच्या जिवाला मात्रा मिलिलिटरच्या अगदी लहानशा अंशाची असते. म्हणून माणसांचं, कुत्र्याचं, किंवा कुणाच्या गेकोला लागू पडलेलं औषध अंदाजानं देऊ नका.

मला सगळ्यात जास्त भीती होती ती क्रिप्टोस्पोरिडियमची, म्हणजे पोटात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची. शेपूट काडीसारखी होते, खाल्लेलं उलटतं, वजन उतरतच जातं. खात्रीचा उपाय नाही, दुसऱ्या गेकोंना झपाट्यानं लागतो, आणि घरातल्या नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. शेपूट बारीक आणि घरात एकापेक्षा जास्त गेको असतील, तर त्यासाठीची पीसीआर तपासणी (जंतूचा डीएनए शोधणारी) मागून घ्या. ढब्बूची निगेटिव्ह आली.

पाय वाकलेत, चालताना पोट उचलत नाही, जबडा रबरासारखा दबतो, तर हाडांचा आजार: कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी3 कमी पडलेलं. अशा गेकोचं तोंड जबरदस्तीनं उघडलं तर जबडा मोडू शकतो. नाकातोंडाशी बुडबुडे किंवा श्वास घेताना टिकटिक आवाज म्हणजे फुफ्फुसाचा संसर्ग.

काही गोष्टींना उद्या नसतो: सतत तोंड उघडं ठेवून श्वास, झटके, शीत रक्त, दुसऱ्यांदा उलटी, अंडी घालण्यासाठी कुंथत राहिलेली मादी. शेपटीच्या मुळाशी लाल-गुलाबी मांस बाहेर आलं असेल तर त्यावर साखरेच्या दाट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवा, वाळू देऊ नका, आणि निघा. साखरेनं सूज उतरते.

औषध पाजताना अख्खं अंग तळहातावर येऊ द्या, अंगठा हलकेच मानेवर, थेंब ओठाच्या कडेला. शेपटीला हात नाही. घाबरला तर तो शेपूट टाकून देतो. नवी येते, बुटकी आणि गुळगुळीत, पण होता तो साठा आजारपणातच जातो. नंतर साबणानं हात धुवा. या प्राण्यांच्या शीत साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांना आजारी गेकोचं काम देऊ नका. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासत नाहीत. वजनासाठी वापरलेला काटाही मग तिकडे परत गेला नाही, मी दुसरा आणला.

ऊब नीट, पाणी पोटात, डॉक्टरांनी बघितलेलं, एवढं झाल्यावर खाणं. एकदम भरपूर नाही. एक दिवसाआड एक छोटा किडा, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलेला. किड्यांनाच आधी दिवसभर चांगलं खाऊ घाला, ते जे खातात तेच गेकोला मिळतं. किडा धरत नसेल तर डॉक्टर मांसाहारी प्राण्यांसाठीची पूड देतात, ती पाण्यात कालवून नाकावर लावली की चाटतो. फळं, दूध, मध यातलं काही नाही, हा प्राणी फक्त किडे खातो. बागेतले किडे पकडून घालू नका. त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असू शकतं, आणि काजवा तर सरड्या-पालींना विषच आहे.

ढब्बूनं अकराव्या दिवशी पहिला किडा स्वतः पकडला. दिवे मालवल्यावर बाहेर आला, शेपटीचं टोक मांजरासारखं वळवळवलं, आणि झडप चुकली. दुसरी लागली. पुढच्या वजनाला 59 च होते, त्याच्या पुढच्याला 60. दर तिसऱ्या दिवसापेक्षा जास्त वेळा तोलू नका, उगाच हाताळणं होतं आणि ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमवर तुमची झोप उडते. मुलगी तेव्हा फोनवर आधी त्याचं वजन विचारायची, मग माझी तब्येत.

औषध संपल्यावर शीची तपासणी पुन्हा करून घ्या. जंताची अंडी पेटीत राहतात आणि तिथूनच परत पोटात जातात, म्हणून औषध चालू असताना कागद रोज बदलायचा, लपायचे डबे कढत पाण्यानं धुवायचे. ढब्बूची दुसरी तपासणी स्वच्छ आली त्या दिवशी वहीत 64 होते. प्रोब आता चिकटपट्टीच्या भरवशावर नाही, फरशीवर सिलिकॉननं बसवला आहे. वाळू मी परत घातली नाही.