सीईटी झाली ना, मग आता आधी सेतूत जा, कॉलेजची लिस्ट नंतर करा

बारावी सायन्सचे पेपर संपतात, मग सीईटी होते, आणि मग घरातले सगळे मिळून "एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज" असले व्हिडिओ बघत बसतात. बघा की, हरकत काहीच नाही, पण कॅपचा (म्हणजे सीईटीनंतरच्या राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म सुरू झाल्यावर पोरं अडतात ती जास्त करून कागदांवर, आणि कागद आपल्या घाईने येत नाहीत, तहसीलच्या वेगाने येतात. जूनमध्ये सेतूत आणि महा-ई-सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर बसतो, ऑपरेटर चिडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये तेच काम त्यामानाने शांतपणे होतं. मी इंजिनीअरिंग धरून सांगतेय पण फार्मसीवाल्यांना पण यातलं बरंचसं लागू आहे.

सगळ्यात आधी कास्ट व्हॅलिडिटी. ज्यांना कास्टमधून फॉर्म भरायचाय त्यांच्यासाठी जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी वेगळी, हे अजूनही कित्येक घरात ऐन वेळी कळतं. दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून (एसटीसाठी समिती वेगळी असते), आणि यात महिने जाऊ शकतात, त्रुटी निघाली तर अजून जास्त. त्यामुळे खरं तर हे काम अकरावी संपली त्या उन्हाळ्यातच करायचं असतं, कॉलेजचं पत्र लागतं ते ज्युनिअर कॉलेजच देतं. बारावी झालेल्यांनी अजून केलं नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच उठा.

यात वेळ खातात ते जुने पुरावे. एससीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीसाठी (भटके-विमुक्त) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसी-एसबीसीसाठी (एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा वडिलांकडच्या कुणाचा तरी जात लिहिलेला पुरावा शोधायचा. म्हणजे बहुतेक वेळा आजोबा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर गावचा नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. हे गावच्या शाळेत आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं, तेही स्वतः जाऊन बसलात तरच, फोनवर कोणी शोधून देत नाही. मे महिन्यात गावाला जाणारच असाल तर एक दिवस याच्यासाठी ठेवा, पण शाळा सुट्टीमुळे बंद असते तेव्हा मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा. कुणबी नोंदी वगैरे मोडी लिपीत असतात, त्याचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यायला लागतं, त्यालाही वेळ धरा. आणि हो, सख्ख्या काकांची, आत्याची किंवा चुलत भावाबहिणीची व्हॅलिडिटी झालेली असेल तर पहिला फोन त्यांना करा, त्यांच्या प्रमाणपत्राची कॉपी आणि वंशावळ मिळाली की निम्मं काम हलकं होतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर मोठ्यांनी थोडं गिळावं, पोरांच्या सीटचा प्रश्न आहे.

मग नॉन क्रिमी लेयर, म्हणजे आपण मागासवर्गातल्या सधन गटात नाही याचं प्रमाणपत्र. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) सगळ्यांना लागतं, एससी-एसटीला लागत नाही. बघायचं काय तर त्याची मुदत. कॅपसाठी ते ज्या वर्षी ॲडमिशन घेताय त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. मोठ्या बहिणीच्या वेळचं फाइलमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका, ते तिच्या नावाचं असतं. ८ लाखांची मर्यादा ऐकून बरेच जण आधीच माघार घेतात, पण क्रिमी लेयर बघताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत, आईवडिलांचं पद कुठल्या वर्गातलं आहे ते वेगळं बघतात. ईडब्ल्यूएसचं (आरक्षण नसलेल्यांमधला आर्थिक दुर्बल गट) उलट आहे, तिथे पगार, शेती, धंदा सगळं मिळून ८ लाखांच्या आत पाहिजे. हे दोन नियम लोक सर्रास एकमेकांत मिसळतात, कधी कधी काउंटरच्या पलीकडचा माणूसही मिसळतो.

जेईई पण दिली असेल तर अजून एक भानगड. जोसासाठी (आयआयटी-एनआयटीची प्रवेश प्रक्रिया) सेंट्रलच्या नमुन्यातलं ओबीसी एनसीएल म्हणजे नॉन क्रिमी लेयर लागतं आणि ते त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा नंतर काढलेलं लागतं, ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्याचं दाखवून तिथे चालत नाही. सेंट्रलच्या ईडब्ल्यूएसला ५ एकर शेती, घराचा एरिया असल्या अटी पण आहेत. म्हणून सेतूत अर्ज करताना राज्याचं आणि केंद्राचं दोन्ही पाहिजे हे स्पष्ट सांगा, जातीची नोंद केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघा.

ओपनवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसला (ट्यूशन फी माफीची योजना) टाकता येतं, त्यात ट्यूशन फी माफ होते, जागा ५ टक्केच असतात आणि कटऑफ वर जातो, पण चांगल्या पर्सेंटाइलवाल्याने टाकायलाच पाहिजे. डोमिसाइलचं (रहिवासाचा दाखला) म्हणाल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि एलसीवर (शाळा सोडल्याचा दाखला) जन्मठिकाण महाराष्ट्रातलं असेल तर बऱ्याच जणांचं त्यावर भागतं, तरी काढून ठेवलेलं बरं.

आता स्पेलिंग. दहावीची मार्कशीट समोर ठेवा आणि आधार, एलसी, जातीचा दाखला, बँक पासबुक सगळ्यावरचं नाव एकेक अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे "राव" लावून, एकीकडे नुसतं आद्याक्षर, आपल्याकडे हे घरोघरी आहे. आधार दुरुस्त होतं लवकर, एलसीवरची जात किंवा जन्मठिकाण चुकलं असेल तर शाळा सुटल्यावर फार डोकं खातं.

हे सगळं अर्जात पडलं की मग खुशाल कॉलेजं बघा. व्हिडिओपेक्षा सीईटी सेलच्या साइटवरच्या मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उघडा. त्यात प्रत्येक आकड्यावर जागेचा कोड असतो, त्यातलं सुरुवातीचं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मध्ये कॅटेगरी, आणि शेवटचं एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतली), ओ म्हणजे बाहेरची. मुलींनी एल आणि जी दोन्ही बघायचे. पहिल्या राउंडचाच नाही, शेवटच्या राउंडचा पण कटऑफ बघा, तिथे फरक दिसतो. खासगी कॉलेजची फी ब्रोशरवरून धरू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर मंजूर झालेली असते.

लिस्टचा क्रम घरात आत्ताच भांडून ठरवा, कारण २०२५ पासून नियम कडक झालेत, पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की ते ऑटो फ्रीज, दुसऱ्याला पहिल्या ३ मधलं, तिसऱ्याला पहिल्या ६ मधलं. म्हणजे मामा म्हणाले म्हणून वरती काहीतरी टाकलं आणि तेच लागलं तर पुढच्या राउंडला जाता येणार नाही. सीओईपी, व्हीजेटीआय असली नामांकित कॉलेजं वरती टाका, नाही लागलं तर काही बिघडत नाही, पण पहिल्या ६ मध्ये जिथे खरंच जायचं नाही असं एकही नको. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे माहितीपुस्तिका आली की तेवढं पान स्वतः वाचा.

पैशाचं शेवटी सांगते पण काम मेमध्येच करा. स्कॉलरशिप महाडीबीटीवरून (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल) येते, त्यासाठी मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि ते आधारला सीड केलेलं (सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेलं) लागतं, नुसतं केवायसी झालं म्हणजे सीड झालं असं नाही, बँकेत जाऊन विचारा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यालाही कॅपमधूनच ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही. सगळे कागद मोबाइलवर नीट सपाट स्कॅन करून एकेक पीडीएफ नावानिशी ठेवा, अर्जांच्या पावत्या पण, कारण मूळ प्रमाणपत्र यायच्या आधी फॉर्म भरायची वेळ आली तर कधी कधी ती पावतीच लावावी लागते. आणि फॉर्मला नंबर द्यायचा तो जो फोन घरात चार्ज असतो त्याचा, ओटीपी आला तेव्हा पप्पा ड्युटीवर असं नको.